डबीवरचं नाव

म्हाद्या,

तुझ्यासाठी एक निरोप आहे. अगदी लहानसा. पण तो पहिल्याच ओळीत सांगितला तर तू पुढचं ऐकणार नाहीस. गोष्टीचा शेवट आधी काढून घ्यायचा आणि मग कुशीवर वळून घोरायचं, ही तुझी जुनी खोड. म्हणून निरोप शेवटाला. तोवर बस.

तसा तू बसूनच गेलास म्हणा. आपल्यात गेलेल्या माणसाला मातीला आडवं नेत नाहीत, सजवलेल्या विमानात बसवून नेतात, ही किती चांगली चाल आहे. केळीच्या खुंटांत, झेंडूच्या माळांत, कपाळभर भस्म लावून तू असा ऐटीत बसला होतास की जळकोटहून आलेल्या एका म्हातारीनं मला हळूच विचारलं, नवरदेव कुण्या गावचा म्हणायचा? मी म्हटलं, उमरग्याचाच, पण सासुरवाडी जरा लांबची केलीय. तू शुद्धीत असतास तर विमानातून वाकून टाळी दिली असतीस.

रडलास का, असं विचारशील. रडलो. इतका रडलो की गल्लीतल्या आडाला हातभर पाणी वाढलं, आणि बायका अजून म्हणतात, पाणी जरा खारट लागायलंय. पण हे लिहायला बसलो तेव्हापासून मात्र हसू येतंय, त्याला मी काय करू?

तू गेल्यापासून जो तो मला एकच विचारतो. बापाचं भुसाराचं चालतं दुकान, आणि त्यात या माणसाला दंतमंजन काढायची बुद्धी कशी झाली? मी प्रत्येकाला वेगळं सांगतो. एकाला सांगितलं, स्वप्नात नंदी आला होता आणि त्याची दाढ दुखत होती. दुसऱ्याला सांगितलं, मुरुमच्या एका बोळक्या आजोबांना या मंजनानं नवे दात आले, ते इतक्या झपाट्यानं आले की घरातले हरभरे संपले आणि सुनांनी डबी लपवून ठेवली. लोक मान डोलावतात. खरं कारण सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

खरं कारण वैनी.

बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आणि घ्यायचंच तर उखाण्यात घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. उखाणा म्हणजे बंद दाराला ठेवलेली एवढीशी फट. तुझ्या लग्नात बायकांनी निलव्वावैनीला त्या फटीपाशी आणून उभं केलं. तिनं चांदीचं ताट घेतलं, बेलाचं पान घेतलं, माहेरची वाट, सासरचा उंबरा, सगळं यमकात बसवलं, आणि नावापाशी येऊन थांबली. मांडवानं श्वास रोखला. ती म्हणाली, पुढचं तुमा सगळ्यास्नी ठावं हाय, आणि खाली बसली. मांडव हसून हसून एका बाजूला कलला, आम्ही चौघांनी खांब धरला म्हणून वाचला. तू एकटा हसला नाहीस. त्या दिवसापासून तुझं एकच वेड. तिच्या तोंडून तुझं नाव ऐकायचं. उखाण्यातलं नको, पाहुण्यांसमोरचं नको. सरळ, साधं.

मंजन हा सापळा होता. परसात आपण बाभळीचा कोळसा कुटायचो, तुरटी फुलवायचो, लवंग घालायचो, आणि इतके काळे व्हायचो की तुझी म्हैस तुला ओळखायची नाही. सोलापुराहून डब्यांवर लावायला रंगीत चित्र छापून आणलंस. त्यावर महादेव, खाली मोठ्या अक्षरांत 'महादेव छाप दंतमंजन'. मी विचारलं, हा देव का तू? तू म्हणालास, देव. मी विचारलं, मग देवाला तुझ्या मिशा कशा? तू चित्र हातातून काढून घेतलंस आणि म्हणालास, "गुंड्या, दुकानात ती बसणार. गिऱ्हाईक विचारणार, कोणतं मंजन. मग तिला बोलावंच लागंल का न्हाय?"

एवढा डोकेबाज माणूस, आणि एक साधी गोष्ट विसरलास. आपल्या भागात डोळे मिटून खडा मारला तरी तो एखाद्या महादेवाला लागतो. देवळातल्या नाही तर ओट्यावरच्या.

जळकोटचा तो पहिला बाजार आठव. बायका यायच्या, डबी उघडायच्या, वास घ्यायच्या, चिमूटभर भुकटी दाताला लावून एकमेकींना दाखवायच्या. आणि निघून जायच्या. कुणाचा नवरा महादेव, कुणाचा सासरा महादेव, कुणाचा थोरला दीर. मागायचं कसं? एक धीट बाई म्हणाली, ते द्या. आणि तू, तुझ्या डोक्यात वैनीचा सापळा फिरत होता ना, तू तिलाच विचारलंस, ते म्हंजे कोणतं? ती म्हणाली, ते काळं. काळं म्हंजे? तिनं डबी खाली ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आपली राखुंडीच बरी." वैनी मागं पोत्यावर बसून पदरात हसत होती. संध्याकाळी आपण जेवढ्या डब्या नेल्या होत्या तेवढ्याच परत आणल्या. मला तर वाटतं दोन जास्तच भरल्या.

पुढं सोलापूरकडच्या बाजारातही तेच झालं. माल तसाच घेऊन परत येताना करोडगिरीचा नाका लागला. निजामाच्या हद्दीत येणाऱ्या सुईलासुद्धा तिथं जकात द्यावी लागायची. तू आणि मी बैल सोडून ओढ्यावर पाण्याला नेले, वैनी गाडीत मालाजवळ थांबली. तेवढ्यात नाकेदार आला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच आहे. त्यानं डबी उचलली. वरचं मराठी त्याला वाचता येईना. "क्या माल है अम्मा? नाम बोलो."

वैनीनं झाकण काढून दात दाखवले. तो म्हणाला, हौ, दाँत का है, समझा, पन नाम? तिनं लांबच्या देवळाच्या शिखराकडं बोट दाखवलं. त्यानं तिकडं पाहिलं, काही कळलं नाही. तिनं कपाळावर तीन बोटं आडवी ओढली, हात जोडले, डोळे मिटले. नाकेदार शिपायाकडं वळून कळवळून म्हणाला, गूँगी है बेचारी.

गूँगी! ज्या बाईनं भर मांडव थोपवून धरला होता तिला! वैनीनं पदर खोचला, गाडीच्या साटीच्या फळीवर ताल धरला आणि तिथल्या तिथं म्हटलं:

काळी काळी भुकटी, पांढरे पांढरे दात,
सासू पुसं सुनंला, काय गं तुझ्या हातात?
जादू न्हाय, टोणा न्हाय, मायबापाची ठेव,
लवंग, तुरटी, बाभळ, अन् डबीवर—

आणि थांबली. शिपाई आपल्याच भागातला होता. त्याच्या तोंडून सटकन निघालं, म्हादेव! मागं गाड्यांची रांग लागली होती. गाडीवान म्हणाले, काय झालं, काय झालं, पुन्हा म्हणा की वैनी. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथंच थांबली, आणि आता सगळी रांग ओरडली. आपण बैल घेऊन आलो तेव्हा काय पाहिलं? सगळा नाका तुझ्या नावानं दणाणतोय, नाकेदार टोपी काढून म्हणतोय, एक बार और अम्मा, इस बार मैं बोलतूँ, आणि एवढ्या गर्दीत एकच तोंड बंद आहे. तिचं. तिनं तुझ्याकडं बघून डबीचं झाकण लावलं. म्हाद्या, तुझा चेहरा मी आजपर्यंत कुणाला वर्णन करून सांगू शकलेलो नाही, आणि मी कुठली गोष्ट वर्णन करून सांगू शकत नाही असं कधी झालंय का?

त्या दिवसापासून आपलं नशीब पालटलं. जिला नाव घेता येत नाही तिनं गाणं म्हणायचं आणि गप्प राहायचं. ज्याला घेता येतं त्यानं पुढचं बोलायचं आणि डबी द्यायची. बायका बाजारात गुणगुणत यायच्या, दुकानापुढं आवाज बारीक करायच्या, 'अन् डबीवर' म्हणून जमिनीकडं बघायच्या. डब्या उडायला लागल्या. गाणं तर आपल्याही पुढं पळायला लागलं. आपण एखाद्या गावात पहिल्यांदा जायचो, तर तिथं ते आधीच जात्यावर, पाळण्यावर, मोटेवर चालू. उमरग्याच्या वाजंत्र्यांनी वरातीत लावलं. दोन कीर्तनकारांनी पूर्वरंगात घेतलं. सोलापूरची एक मोठी मंजनवाली मंडळी पेटी, तबला आणि लुगडं नेसवलेला नाच्या घेऊन आली, त्यांच्या गाण्यात त्यांच्या मालाचं नाव ओळीओळीला. लोकांनी सगळं मन लावून ऐकलं. आणि गाणं संपल्यावर सवयीनं सगळे मिळून ओरडले, म्हादेव!

आपले बैलसुद्धा त्या तालावर चालायला लागले. गाणं थांबलं की थांबायचे, आणि पुढचं कुणी म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. आपल्या तोंडचं त्यांना चालायचं नाही, गिऱ्हाइकाचंच लागायचं. एकदा माळावर असे अडकलो की आपण गात बसलो, गात बसलो, शेवटी पलीकडच्या टेकडीवरून एका मेंढक्यानं आवाज दिला, म्हादेव, तेव्हा गाडी हलली. आणि कळंबच्या त्या अडत्याची मैना? सगळं गाणं म्हणायची, तुरटी, बाभळ, सगळं, आणि 'डबीवर' म्हणून चोच मिटायची. अडत्यानं डाळ देऊन पाहिली, पेरू देऊन पाहिला. बोलेना. शेवटी त्याची बायको म्हणाली, कशाला छळताव तिला, तिच्या मालकाचं नाव असंल.

सगळा जिल्हा हसत होता आणि तू आतून जळत होतास.

आपलं भांडण तिथनंच सुरू झालं. तुला त्या गाण्यात नाव घालायचं होतं. तू नवी ओळ करून आणायचास, त्यात नाव मधोमध ठोकलेलं, आणि वैनीपुढं ठेवायचास, हे म्हण. ती तेवढं अक्षर गिळून बाकीचं म्हणायची. मी तुला सांगायचो, वेड्या, ती मोकळी जागा हाच आपला धंदा आहे. माणूस गाणं ऐकून विसरतो, पण ज्या गाण्यात त्याला स्वतःला एक शब्द टाकायला मिळतो ते तो मरेपर्यंत विसरत नाही. तू ऐकायचा नाहीस. एकदा नळदुर्गाच्या अलीकडं, गाडीच्या चाकाची खीळ बसवता बसवता, तू हातातलं वंगण धोतराला पुसलंस आणि म्हणालास, "गुंड्या, अख्ख्या जिल्ह्यानं माझं नाव घेतलं. घरातल्या माणसानं घेतलं न्हाय."

मी त्यावर काहीतरी थट्टा केली. काय केली ते आठवत नाही. तू हसलास, म्हणजे बरी असावी.

आणि तुझे ते डाव! कळंबच्या जत्रेत मुद्दाम हरवलास. मला म्हणालास, मी कापडाच्या पालांमागं लपतो, ती घाबरून हाक मारंल, नुसतं ऐकून घे. मी वैनीपाशी जाऊन तोंड पाडून सांगितलं, तो कुठं दिसत नाही. वैनीनं सगळीकडं पाहिलं. घाबरली, हे मी सांगतो, खरंच घाबरली. मग तिनं रिकामा डबा उचलला, तो बडवत मोकळ्यात उभी राहिली आणि गाणं म्हटलं. अन् डबीवर! सगळी जत्रा गरजली. पुन्हा म्हटलं, पुन्हा गरजली. पाळण्यावरचे, मिठाईवाले, कुस्त्यांचे पैलवान, सगळे तुझ्या नावानं ओरडायला लागले, शेवटी तुला लाजेनं बाहेर यावं लागलं. ती तुला फक्त एवढंच म्हणाली, आलाव का? चला, उशीर झाला. त्या दिवशी माल मात्र संपला.

मग निजामाचा अंमल गेला. नाक्यावरचा झेंडा बदलला, नाकेदार कुठं गेला कोण जाणे, पण जिथं असेल तिथं 'अन् डबीवर' ऐकलं तर तो पुढचं बोलणार याची मला खात्री आहे. राज्यं येतात आणि जातात, म्हाद्या. तोंडात बसलेलं गाणं कोण खालसा करणार?

आणि मग तुझं दुखणं आलं.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एकच सांगतो, जे तुला माहीत नाही. तू खाटेवर होतास, डोळा लागला होता. मी वैनीला बाहेर बोलावलं, बैलांच्या दावणीपाशी. म्हटलं, वैनी, आता तरी घ्या. एवढ्यासाठी त्यानं आयुष्य घातलं, कोळसा कुटला, मिशावाला देव छापला. एकदा घ्या, त्याला ऐकू जाऊ द्या. तिनं दावणीतला कडबा सारखा केला. मग म्हणाली, "न्हाय भावजी. नाव ऐकायचं ऱ्हायलंय म्हणून तर टिकून हाईत. म्या घेतलं तर त्यास्नी वाटंल, हिनं आशा सोडली."

मी परत आत येऊन तुझ्या खाटेपाशी बसलो. त्या सबंध दुखण्यात तू डोळे उघडायचास ते आधी तिच्या तोंडाकडं बघायचास. मी समजत होतो तुला पाणी हवंय.

तुझ्या विमानाची गोष्ट अर्धी राहिली. पुढं भजन होतं, सनई होती. सनईवाला तोच, आपल्या वरातींचा. चांगला भजनाच्या चालीत वाजवत होता, बाजारपेठेचा कोपरा वळला आणि बोटं घसरली ती सरळ आपल्या गाण्यावर. टाळकरी त्याच्या मागं घसरले. मग अख्खी मिरवणूक. 'काळी काळी भुकटी' म्हणत माणसाला मातीला नेताना कधी कुणी पाहिलंय? पुढं चाललेल्या मठाच्या स्वामींनी हात वर केला. सगळे चपापले, सनईच्या तोंडून चूं झालं. स्वामी म्हणाले, शेवटाला देवाचंच नाव येतंय न्हवं? मग चालू द्या, ताल सोडू नका.

आणि चालू दिलं. बायका दारात आल्या, दुकानदार गादीवरून उठले, आणि गाणं वाढत वाढत तुझ्या दुकानापुढं आलं. अन् डबीवर! तिथं सगळे थांबले. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी खुणावलं नव्हतं, पण त्या दिवशी पुढचं कुणीच म्हटलं नाही. एवढा मोठा जमाव, आणि सगळ्यांनी ती जागा तिच्यासाठी रिकामी ठेवली. वैनी विमानाच्या बाजूला उभी होती. तिनं वर तुझ्याकडं पाहिलं. तुझ्या कपाळावरचं एक बेलाचं पान घसरलं होतं ते सारखं केलं. आणि बोलली नाही. टाळ पुन्हा सुरू झाले, विमान पुढं निघालं. मी मनात म्हटलं, हरलास गड्या. पार शेवटापर्यंत हरलास.

आता निरोप.

परवाच्या बाजाराला वैनीनं दुकान उघडलं. मी पायरीवर बसलो होतो, बरं वाटावं म्हणून. ऊन चढल्यावर एक नव्या लग्नाची पोर आली. हातात हिरवा चुडा, बरोबर कुणी नाही. दुकानापुढं उभी राहिली आणि हळू आवाजात सुरू केलं, काळी काळी भुकटी. मी ओळखलं, हिचाही महादेवच. 'अन् डबीवर' म्हणून ती जमिनीकडं बघायला लागली. आता मी पुढचं बोलणार, कारण तू नाहीस तेव्हा ते काम माझं, आणि वैनी नेहमीसारखी मुकाट्यानं डबी देणार.

मी तोंड उघडलं, त्याच्या आधी वैनी म्हणाली, "म्हादेव."

आणि डबी पुढं केली.

पोरीनं चमकून वर पाहिलं. म्हणाली, मावशी, तुमी नाव घेतलं? वैनी म्हणाली, घेतलं, लई दिसापासनं ठिवलं होतं. मग पोर गेली. वैनीनं मोकळी झालेली जागा दुसरी डबी पुढं सरकवून भरली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "भावजी, तुमच्या दोस्ताला सांगा, जिंकलाव म्हणावं."

मी म्हटलं, वैनी, आता त्याला कसं सांगू?

"सांगा की. तुमच्या एवढ्या थापा ऐकल्या त्यांनी. ह्ये तर खरं हाय."

म्हणून हे लिहिलं. बाकी सगळ्यातलं तू नेहमीसारखं निम्मं कापून घे, आड, मैना, बैल, तो मुरुमचा आजोबा, सगळं. याच्यातलं काही कापू नकोस, कारण याला मी काही जोडलेलं नाही. आवाज मोठा नव्हता. बाजारातलं कुणी थांबलं नाही. समोरच्या गुळावर माशा होत्या, त्या तशाच बसून राहिल्या. मी पायरीवर होतो, दुकानापासून हातभर, आणि मी ऐकलं. सरळ, साधं, तुला हवं होतं तसंच.